चौकातील दास्यभक्ती

नवविधा भक्तीचा क्रम सांगताना भागवताने दास्याला सातवे स्थान दिले आहे. कीर्तनाला श्रोते लागतात, अर्चनाला मूर्ती लागते, सख्यात निदान बरोबरीचा मान मिळतो. दास्यात यांपैकी काहीच नाही. दासाने खालच्या पायरीवर उभे राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे आणि वेतनाचा विषय काढावयाचा नाही. आमच्या संतांनी या भक्तीचे इतके गोडवे गाइले आहेत की, ती फार सुलभ असावी असा कोणाचाही समज व्हावा. परंतु इतिहासात तिचा माग काढू लागले म्हणजे एक चमत्कारिक अडचण पुढे येते. आपली ऐतिहासिक साधने बहुतेक सारी मोबदल्याचीच साधने आहेत. देवस्थानांच्या सनदा, इनामपत्रे, वर्षासनांच्या याद्या, दक्षिणेचे हिशेब : जिकडे पाहावे तिकडे देवाच्या सेवेबद्दल कोणाला काय मिळाले, याचीच नोंद. ज्याने काही मागितले नाही त्याच्या नावे कागद झाला नाही; आणि ज्याच्या नावे कागद नाही तो इतिहासाच्या लेखी जन्मलाच नाही.

तेव्हा निरपेक्ष सेवेचा शोध घ्यावयाचा तर तो कोठे घ्यावा? आम्हांस असे वाटते की, जेथे मोबदल्याचा कागद झाला आहे तेथेच तो घ्यावा. मोबदला हाती पडल्यावर, किंवा हातचा गेल्यावर, त्या माणसाने पुढे काय केले हे पाहिले म्हणजे सेवेची जात कळते. अशी परीक्षा करण्याजोगे एक स्थळ लखनौच्या चौकात आहे. त्याच्या कथेत आम्हां मराठी माणसांच्या इतिहासाचे दोनतीन धागे अनपेक्षितपणे गुंतलेले आहेत, म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

चौक हा लखनौचा जुना बाजार. एका टोकाला गोल दरवाजा, दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा, आणि मधल्या अरुंद रस्त्याच्या दोहो अंगांना चिकनच्या भरतकामाची, अत्तराची, चांदीच्या वर्खाची आणि मिठाईची दुकाने, असे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे रूप. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दवात घुसळून फुलविलेली मख्खन-मलई येथे मिळते, आणि ऊन चढले की ती विरून जाते. अशा या बाजारात प्रत्येक वस्तूला मोल आहे, आणि घासाघीस करण्याची अदबशीर अशी भाषाही आहे. लखनौस जाणारा मराठी प्रवासी येथून चिकनचा सदरा घेतो, जवळचा बडा इमामबाडा पाहतो आणि परततो.

त्या इमामबाड्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १७८४ साली अवधात मोठा दुष्काळ पडला असता नवाब आसफुद्दौला याने लोकांना काम मिळावे म्हणून ही इमारत बांधावयास घेतली. तिच्या मुख्य दालनाची लांबी सुमारे पन्नास मीटर असून वरच्या छताला मधे एकही खांब नाही. दुष्काळाने दैन्यास पोहोचलेले खानदानी लोक रात्रीच्या अंधारात मजुरीस येत, म्हणजे त्यांची तोंडे कोणास दिसू नयेत, अशी आख्यायिका लखनौत सांगतात. हे दान थोर होते यात शंका नाही. परंतु त्यात देणाऱ्याचे नाव उजेडात राहिले आणि घेणाऱ्याचे अंधारात. आमचा शोध निराळ्या माणसाचा आहे. ज्याने स्वतःचे नाव आपण होऊन मागे ठेवले, अशा माणसाचा.

तो शोध आपल्याला चौकालगतच्या फिरंगी महाल या वस्तीत नेतो. नाव महालाचे, पण प्रसिद्धी विद्येची. सध्याच्या बाराबंकी जिल्ह्यातील सिहाली या गावी मुल्ला कुतुबुद्दीन नावाचे एक नामांकित विद्वान राहत असत. १६९२ च्या सुमारास जमिनीच्या भांडणातून शेजारच्या लोकांनी त्यांच्या घरावर हल्ला केला. मुल्ला कुतुबुद्दीन मारले गेले, घर जळाले आणि त्यांचा ग्रंथसंग्रहही आगीत गेला. त्यांच्या मुलांनी बादशहाकडे दाद मागितली. औरंगजेबाने फर्मान काढून लखनौतील एक हवेली त्या मुलांना दिली. ही हवेली पूर्वी एका युरोपीय व्यापाऱ्याची होती, म्हणून तिला फिरंगी महाल म्हणत. आणि तेच नाव पुढे त्या विद्वानांच्या घराण्याला चिकटले.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हे फर्मान निघाले त्या वर्षांत बादशहा दिल्लीत नव्हता. तो १६८१ साली उत्तर सोडून निघाला होता आणि १७०७ साली अहमदनगरजवळ मरेपर्यंत परत गेला नाही. जिंजीचा वेढा चालू होता, राजाराम महाराज आत होते, आणि संताजी-धनाजी मोगली फौजांना उसंत मिळू देत नव्हते. ज्या राजवटीने आमच्या मुलखात गावेच्या गावे उजाड केली, तिनेच त्याच वर्षांत लखनौतील पोरक्या मुलांना छप्पर दिले. इतिहासात एकाच हाताची दोन कामे अशी शेजारी शेजारी सापडतात, आणि ती तशीच शेजारी ठेवून पाहावी लागतात.

ती हवेली म्हणजे बापाच्या रक्ताचा मोबदला होता. असा मोबदला मिळालेल्या घराण्यांची पुढची वाटचाल आपल्या परिचयाची आहे. घर मिळाले की जमीन हवी, जमीन मिळाली की मान हवा, आणि दोन पिढ्यांत मूळ विद्येचे फक्त नाव उरावे. कुतुबुद्दीन यांचे तिसरे पुत्र निजामुद्दीन हे बाप गेला त्या वेळी पंधराच्या आसपास होते. शिक्षण पुरे करून ते फिरंगी महालात शिकवू लागले आणि १७४८ साली निधन पावेपर्यंत शिकवीत राहिले. त्या हवेलीत त्यांनी कसलीही संस्था उभारली नाही. शिक्षकाने आपल्या घरी बसावे, ज्याला शिकावयाचे असेल त्याने यावे, एवढीच व्यवस्था. आणि ती इतकी टिकली की, त्या घराण्याची रीतसर शाळा, मदरसा निजामिया, निघावयास १९०५ साल उजाडावे लागले.

निजामुद्दीन यांनी जो अभ्यासक्रम लावून दिला त्याला दर्स-इ-निजामी म्हणतात. व्याकरण, तर्क, तत्त्वज्ञान, गणित, धर्मशास्त्र अशा प्रत्येक विषयातील एकदोन अत्यंत कठीण ग्रंथ निवडावे, ते विद्यार्थ्याकडून कसून करवून घ्यावे, म्हणजे त्या विषयातील बाकीचे ग्रंथ तो आपल्या बुद्धीने वाचू शकेल, हे त्याचे मर्म. या पद्धतीत गुरूने स्वतःची गरज हळूहळू संपवीत न्यावयाची असते. शिष्य आपल्याशिवाय वाचू लागला की गुरूचे काम झाले. आमच्याकडील शास्त्री-पंडितांच्या घरी चालणाऱ्या पाठशाळा ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. विद्या विकावयाची नसते, हा दोहोंकडील समान संकेत. भारत, पाकिस्तान आणि बांगला देश येथील असंख्य मदरशांत थोड्याफार फरकाने हाच अभ्यासक्रम आजही चालतो.

परंतु केवळ फुकट शिकविल्याने कोणी दास होत नाही. विद्वानाला द्रव्याचा लोभ सोडणे एक वेळ जमते. विद्वत्तेचा लोभ सोडणे कठीण. निजामुद्दीन यांची खरी कसोटी तेथे लागली. लखनौपासून काही कोसांवर बाँसा नावाच्या गावी सय्यद शाह अब्दुर्रज्जाक नावाचे कादिरी परंपरेतील एक सूफी साधू राहत असत. ते फारसे शिकलेले नव्हते. त्यांचे गुरू अहमदाबादचे अब्दुस्समद खुदानुमा. बाँशाचे हे साधू गावच्या हिंदू बैराग्यांत सहज मिसळत, आणि कृष्णचरित्राचे खेळ करणाऱ्या भगतियांचे गाणे-नाचणे पाहताना त्यांना भावावेश होत असे, असे त्यांच्याविषयी नमूद आहे. अवधातील अग्रगण्य तर्कपंडिताने या अल्पशिक्षित साधूच्या हाती आपला हात दिला. विद्वानांना याचे आश्चर्य वाटले यात नवल नाही. आमच्याकडे योगसामर्थ्याने मिरविणारा चांगदेव पोरवयाच्या मुक्ताबाईपुढे नम्र झाला, त्याच जातीचा हा प्रसंग.

१७२४ साली शाह अब्दुर्रज्जाक वारले. पुढे निजामुद्दीन यांनी त्यांच्या चरित्रावर ‘मनाकिब-इ-रज्जाकिया’ हा ग्रंथ लिहिला. तर्काच्या ग्रंथांवर टीका लिहिणाऱ्या लेखणीने एका खेडवळ साधूच्या आठवणी गोळा केल्या. बाँशाच्या उरुसाला फिरंगी महालातील मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जात राहिली, आणि शहरातील मोठमोठ्या पंडितांनी खेड्यातील दर्ग्यापुढे मान वाकवावी हा त्या घराण्याचा कुलाचार झाला. आमच्या मते फिरंगी महालाचे निजामी हे नाव जितके मोठे, तितकीच ही बाँशाची वाट मोठी. अभ्यासक्रमाने बुद्धीला धार दिली. त्या वाटेने तिला खाली बसावयास शिकविले.

सूफींच्या परंपरेत निरपेक्षतेचा आदर्श फार जुना आहे. आठव्या शतकात बसरा येथे होऊन गेलेली संत राबिया एका हातात पेटता पलिता व दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे घेऊन निघाली, अशी कथा आहे. स्वर्ग जाळून टाकावा आणि नरक विझवून टाकावा, म्हणजे लोक देवाची भक्ती देवासाठीच करतील, असा तिचा मनोदय. गीतेतील निष्काम कर्माची शिकवण ज्याच्या कानी लहानपणापासून पडली आहे, त्याला ही कथा आपल्याच घरची वाटेल.

आणि ती काही अंशी आपल्या घरची आहेही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर मुसलमानी राज्याचे अधिकारी होते. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादिरी परंपरेतील सूफी होते, असे मत रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही त्याच चांद बोधल्यांचे शिष्य. ते मत ग्राह्य धरले तर पैठण आणि बाँसा ही एकाच नदीवरील दोन गावे ठरतात. नाथांनी गुरुगृही राहून हिशेबाचे काम केले, आणि एका पैची चूक सापडली तेव्हा रात्री आनंदाने टाळी वाजविली, ही गोष्ट मराठी मुलांनी वर्षानुवर्षे शाळेत वाचली. तिचा अर्थ मात्र क्वचितच कोणी उलगडून सांगितला. सेवा म्हणून केलेले हिशेबाचे रूक्ष कामसुद्धा भजनाच्या तोलाचे होते, हा तो अर्थ. पुढे रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. पुण्याची सारी मजुरी एका क्षणात सोडून दिली, आणि सेवा तेवढी शिल्लक ठेवली.

कावडीवरून चौकाशी जोडलेला दुसरा मराठी धागा आठवतो. ‘बूँद और समुद्र’ या कादंबरीत लखनौच्या चौकाचे जीवन उभे करणारे हिंदीचे थोर कादंबरीकार अमृतलाल नागर हे स्वतः दीर्घ काळ चौकातच राहिले. त्यांनी एका मराठी पुस्तकाचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’ या नावाने केला आहे. ते पुस्तक म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. चौकातील लेखकाने कोकणातील एका दरिद्री भिक्षुकाची हकीकत उत्तरेकडील वाचकांच्या हाती दिली, आणि आम्हां परप्रांतस्थ मराठी मंडळींना त्याबद्दल अगत्य वाटणे साहजिक आहे.

विष्णुभटजी उत्तरेस गेले ते निष्काम बुद्धीने गेले नव्हते. त्यांच्यावर कर्ज होते. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ साली पेशवाई बुडाली. दक्षिणेच्या रकमेचा काही भाग इंग्रजांनी १८२१ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे वळविला, आणि भिक्षुकवर्गाचा जुना आधार खचला. अशा दिवसांत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, ही वार्ता कोकणात पोहोचली. दक्षिणेच्या आशेने विष्णुभट आपल्या चुलत्यांसह १८५७ साली निघाले, ते थेट बंडाच्या वणव्यात सापडले. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते झाशीतच होते. मिळविलेले द्रव्य पुन्हा पुन्हा लुटले गेले. ज्या मोबदल्यासाठी घर सोडले तो मोबदला हाती उरला नाही.

येथेच आमची परीक्षा लागू पडते. मोबदला हातचा गेल्यावर या माणसाने काय केले? त्याने गंगेची कावड खांद्यावर घेतली आणि ती शेकडो कोस वाहत कोकणात आणली, व त्या पाण्याने आपल्या वृद्ध मातापितरांना स्नान घातले. त्या पाण्याला कोणी गिऱ्हाईक नव्हते. लुटारूंना त्यात स्वारस्य नव्हते, म्हणूनच कदाचित ते सुखरूप पोहोचले! पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्यांनी ती छापून प्रसिद्ध केली ती १९०७ साली. म्हणजे ग्रंथकर्तृत्वाचा मोबदलाही दूरच राहिला. ज्या भटजींनी द्रव्य मिळवावयास जाऊन द्रव्य गमाविले, त्यांच्या पदरी शेवटी ती कावड तेवढी उरली, आणि आज आपण त्यांचे नाव घेतो ते त्या पोथीमुळे व त्या कावडीमुळे.

फिरंगी महालाच्या कथेला एक दुसरी बाजूही आहे आणि ती लपविणे योग्य होणार नाही. ते सारे घराणे विरक्त होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांना राज्यकर्त्यांकडून जमिनी व नेमणुका मिळाल्या. काहींनी कंपनी सरकारची, तर काहींनी हैदराबादच्या निजामाची चाकरी पत्करली. निजामुद्दीन यांचे पुत्र अब्दुल अली, ज्यांना विद्वत्तेमुळे बहरुल-उलूम म्हणजे विद्यासागर म्हणत, त्यांना पंथभेदाच्या कलहामुळे लखनौ सोडावे लागले. शाहजहानपूर, रामपूर, बंगाल अशा मुक्कामांनंतर ते अर्काटच्या नबाबाच्या आश्रयाने मद्रासला स्थिरावले आणि १८१० साली तेथेच वारले. आश्रयदाते बदलले, गावे बदलली. शिकविणे मात्र प्रत्येक मुक्कामी चालू राहिले. पोट सर्वांना असते. पोटासाठी मिळालेला घास आणि सेवेचे मोल म्हणून मागितलेली किंमत या दोहोंतील भेद ज्याला राखता आला, त्याला आम्ही दास म्हणू. हा भेद कागदावर दिसत नाही, कारण कागदावर दोहोंचा आकडा एकच असतो.

विसाव्या शतकात याच घराण्यातील मौलाना अब्दुल बारी यांनी १९१३ साली अली बंधू व इतर मंडळींसह जी संस्था काढली तिचे नाव अंजुमन-इ-खुद्दाम-इ-काबा, म्हणजे काब्याच्या सेवकांची मंडळी. खादिम, खिदमत हे शब्द आमच्या जुन्या दप्तरांतील ‘खिजमतगारा’चे सख्खे भाऊ. पुढे खिलाफतीच्या चळवळीत महात्मा गांधी लखनौस येत तेव्हा फिरंगी महालात मौलानांचे पाहुणे होत. १९२६ साली मौलाना निवर्तले. त्या संस्थेचे हेतू राजकारणाच्या ओघात पुष्कळ बदलले, आणि ‘सेवक’ हा शब्द सभेच्या व्यासपीठावर गेला म्हणजे त्याचे काय होते हे विसाव्या शतकाने सर्वच धर्मांच्या लोकांना दाखवून दिले. सेवकपणाची घोषणा झाली की तीत थोडे धनीपण शिरतेच. निजामुद्दीन यांनी सेवकांची मंडळी काढली नव्हती. ते बाँशास जात, आणि परत येऊन पाठ सांगत.

१९४७ नंतर त्या घराण्यातील अनेक मंडळी पाकिस्तानात गेली, काही इतरत्र पांगली, आणि घरोघरी चालणारी ती जुनी अध्यापनपद्धती मावळली. फिरंगी महाल हे नाव वस्तीला आहे; चौकातील बाजार पूर्वीसारखाच चालतो. लखनौस जाणाऱ्या मराठी प्रवाशाने चिकन जरूर घ्यावे, इमामबाडाही पाहावा. पण गोल दरवाज्यातून आत शिरल्यावर या विद्येच्या वस्तीचीही वाट विचारावी. तेथे पाहण्यासारखे फार नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. धन्याच्या कामाची खूण इमारतीत राहते. दासाच्या कामाची खूण त्याच्या स्वतःच्या घरी सापडत नाही. ती दुसऱ्याच्या पदरात पडलेली असते. कोठे दूरच्या गावच्या विद्यार्थ्याला एक कठीण ग्रंथ आपला आपण उलगडतो, कोठे वरसईच्या एका घरात वृद्ध मातापितरांच्या डोक्यावर गंगेचे पाणी पडते. त्या वेळी पाणी कोणी आणले हे विचारण्याचे भान कोणाला असते?